पिशवीतल्या पाच चिठ्ठ्या

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालेल्या एसटीतून अडाण नदीचा पूल दिसला की बोरी अरब आले. कपाशी-तुरीचा मुलूख. या गावातली सत्तरीची एक आजी मनाशी उभी करू. ती कुणी खरी बाई नाही. तिच्या हातातली पिशवी मात्र या पट्ट्यातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर रोज दिसते. पिशवीत पाच चिठ्ठ्या आहेत. बी.पी.ची गोळी एका डॉक्टरची, शुगरची दुसऱ्याची, थायरॉईडची तिसऱ्याने यवतमाळला लिहून दिलेली. चालताना दम लागतो म्हणून चौथ्याने लघवीची गोळी दिली आहे. पाचवी चिठ्ठी खरे तर चिठ्ठीच नाही. गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांच्या पाकिटाचा तो कापलेला तुकडा आहे, पुढच्या वेळी दाखवून तेच मागता यावे म्हणून जपलेला. अलीकडे आजी म्हणते, "जीव घाबरल्यावानी होते, छातीत धडधड करते." पाचही ठिकाणी तिने हे सांगितले. कुठे अशक्तपणा ठरला, कुठे गॅस.

कुणी तिच्या मनगटावर अर्धा मिनिट बोटे ठेवली असती, तर तेवढ्यातच कळले असते. दोन ठोके लगोलग येतात, मग खंड पडतो, मग एक हलका, एक जोरकस. ठेका म्हणून सापडत नाही. गाडी खडबडीत रस्त्यावर चालली तरी तिच्या हादऱ्यांना काही लय असते. इथे तीही नाही. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहिले की नाडी अशी लागते. या आजाराचे पूर्ण नाव एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘ए-एफ’.

धडधडीचा त्रास होतो, पण खरी भीती वेगळी आहे. डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी असते. कप्पा नीट आकसत नाही तेव्हा तिथले रक्त, डोहाच्या कडेला पाणी थबकावे तसे थबकते आणि साकळते. गुठळी सुटून मेंदूत गेली की लकवा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या रहिवाशांचा जो दीर्घ अभ्यास चालला आहे, त्यातून १९९१ साली हिशेब आला की ए-एफमुळे लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. आणि लकवा हा विदर्भाच्या खेड्यांना परका आजार नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंपैकी १४.३ टक्के लकव्याने झाले होते. बहुतेक जण घरीच दगावले.

मग उपचार काय? या प्रश्नाचे रूढ उत्तर हृदयरोगतज्ज्ञ, नागपूर आणि यंत्रे या वाटेने जाते. बेताल ठोका ताळ्यावर आणायची औषधे आहेत, विजेचा झटका आहे, कॅथेटर आत घालून बिघडलेल्या जागा जाळण्याची प्रक्रिया आहे. हे सगळे खरे आहे आणि काहींना त्याची गरजही असते. पण आजीच्या बाबतीत ‘ठोका कसा दुरुस्त करायचा’ हा प्रश्न रांगेत तिसरा-चौथा आहे. तिच्या हातातली चिठ्ठ्यांची पिशवी एकत्र कुणी वाचायची, हा पहिला. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यातही क्रम हाच आहे: आधी सोबतचे आजार, मग गुठळी रोखणे, त्यानंतर ठोक्याचा वेग आणि ताल. तज्ज्ञांनी स्वतःच्या हुकमी पत्त्याला तिसऱ्या जागी बसवले, ही गोष्ट लहान नाही.

सोबतचे आजार हा शब्द मात्र फसवा आहे. जणू ए-एफ नवरदेव आणि बाकीचे वऱ्हाडी. वस्तुस्थिती उलटी असते. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे हृदयाचा वरचा कप्पा ताणतो, मधुमेह आणि लठ्ठपणा त्याच्या स्नायूत बदल घडवतात, थायरॉईड जास्त चालला तर ठोके उधळतात, झोपेत श्वास अडकणाऱ्याचे हृदय रात्रभर झगडते. ठोका बिघडतो तो या सगळ्यांच्या शेवटी. ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथल्या डॉक्टरांनी २०१५ साली दाखवून दिले, की ज्या स्थूल रुग्णांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवले आणि ते टिकवले, त्यांची बेताल ठोक्यातून सुटका होण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. आपल्या आजीचे वजन मुळात जास्त नसेलही. मुद्दा तिच्या बी.पी.चा आहे, आणि ते मोजणाऱ्या यंत्राचाही. आपोआप चालणारी यंत्रे बेताल नाडीत चुकीचा आकडा दाखवू शकतात. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी लागते. बोटाने नाडी पाहण्याची रीत मागे पडली आणि यंत्र आले, तेव्हा हे कुणी सांगितले नाही.

भारतातला ए-एफ पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतल्यासारखा नाही, हेही इथेच सांगायला हवे. तिकडचा रुग्ण बहुधा म्हातारा, रक्तदाबवाला. आपल्याकडे त्याच्या शेजारी दुसरा रुग्ण उभा असतो: चाळिशीची बाई, लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, आपोआप बरे झाले म्हणून घरचे विसरले, त्या तापाने हृदयाची झडप आकसून ठेवली. ४७ देशांतल्या पंधरा हजारांवर ए-एफ रुग्णांच्या एका नोंदणीत, अशा ऱ्हुमॅटिक झडपविकाराचे प्रमाण उत्तर अमेरिकेत २.२ टक्के होते आणि भारतात ३१.५ टक्के. मुंबईचे डॉ. अमित व्होरा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नोंदणीत १,५३७ रुग्ण होते. निम्म्याच्या आसपास ऱ्हुमॅटिक, सरासरी वय पंचावन्नच्या आत. या नोंदी मोठ्या रुग्णालयांतल्या आहेत, गावागावांत फिरून काढलेल्या नाहीत, हे ध्यानात ठेवूनही फरक डोळ्यांत भरतो.

या फरकाचा परिणाम औषधावर होतो. रक्त पातळ करायच्या गोळ्यांची (खरे तर रक्त पातळ होत नाही, ते साकळायला उशीर लागतो, पण शब्द रुळला आहे) दोन कुळे आहेत. जुने वॉरफरिन: अमेरिकेत कुजके गवत खाऊन गायी रक्तस्रावाने मरत, त्याचा माग काढताना विस्कॉन्सिनच्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाती लागलेले, १९४८ मध्ये उंदीरमार म्हणून बाजारात आलेले आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिले गेलेले. नव्या कुळात डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्साबॅन, अपिक्साबॅन. नव्यांना दर महिन्याची आयएनआर ही रक्ततपासणी लागत नाही, मेंदूतला रक्तस्राव त्यांच्यात कमी. वाटले होते, झडपवाल्या रुग्णांसाठीही हेच बरे पडेल. २०२२ मध्ये ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने धक्का दिला. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतले साडेचार हजार ऱ्हुमॅटिक रुग्ण. तेव्हा दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन हे तिच्या प्रमुखांपैकी एक. रिव्हरोक्साबॅन घेणाऱ्यांत ५५२ मृत्यू झाले, वॉरफरिनच्या गटात ४४२. जुनी, कटकटीची गोळी जिंकली.

का जिंकली, यावर अजून वाद आहे. एक तर्क असा, की आयएनआरसाठी रुग्ण महिन्याच्या महिन्याला डॉक्टरसमोर येत होता. तेव्हा त्याच्या पायाची सूज दिसली, दम दिसला, बाकीच्या गोळ्या विचारल्या गेल्या. हा तर्क सिद्ध झालेला नाही, पण तो खोडावासाही वाटत नाही.

आता आजीकडे वळू, कारण सर्वात मोठी चूक तिच्याच बाबतीत होते. तिची झडप चांगली आहे. तिला नवी गोळी चालेल. तरी ती मिळत नाही. डॉक्टर चिठ्ठ्यांची गड्डी पाहतात, वय पाहतात आणि म्हणतात, "इतके आजार आहेत, रक्त पातळ करायला नको. ॲस्पिरिन देऊ." यात सावधपणाचा भास आहे. लकव्याचा धोका मोजायची जी गुणपत्रिका जगभर वापरतात, तिच्यात वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा कमकुवतपणा, आधीचा लकवा यांना गुण असतात. रक्तस्रावाचा धोका मोजायच्या गुणपत्रिकेतही वय, रक्तदाब आणि आधीचा लकवा आहेतच. म्हणजे ज्या कारणांनी डॉक्टर गोळी द्यायला बिचकतात, बऱ्याच अंशी त्याच कारणांनी ती गोळी सर्वात जास्त कामाची असते. वॉरफरिनने लकवा साधारण दोन-तृतीयांशाने कमी होतो. ॲस्पिरिनचा फायदा त्यामानाने किरकोळ. आणि ॲस्पिरिन निरुपद्रवी आहे, ही समजूत २०११ च्या ‘ॲव्हरोज’ चाचणीने मोडीत काढली. वॉरफरिन चालणार नाही असे ठरवलेल्या ५,५९९ रुग्णांत अपिक्साबॅनने ॲस्पिरिनच्या तुलनेत लकवे निम्म्याहून कमी केले, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच राहिला.

"पण ती पडते हो," असे घरचे म्हणतात. कॅनडातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये यावर गणित मांडले होते: वॉरफरिनवरच्या वृद्ध माणसाचे पडण्यामुळे होणारे नुकसान फायद्याहून जास्त व्हायला त्याने वर्षाला सुमारे २९५ वेळा पडावे लागेल. हे कागदावरचे गणित आहे, त्याला वेद मानू नये. दिशा मात्र बरोबर आहे.

भीतीचे मूळ गणितात नाहीच. गोळी दिली आणि रक्तस्राव झाला, तर चिठ्ठीवर सही कुणाची हे गावाला कळते. गोळी दिली नाही आणि लकवा मारला, तर ते नशीब. तालुक्याच्या डॉक्टरला दवाखाना त्याच गावात चालवायचा असतो. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. नातेवाइकांनी भरलेल्या बाहेरच्या खोलीत एकट्याने उभे राहून तो निर्णय घेणे सोपे नाही.

शिवाय ती भीती अगदीच बिनबुडाची नाही, आणि इथे पाचवी चिठ्ठी पुढे येते. पाकिटाच्या त्या तुकड्यावर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखे नाव असते. निंदण-वेचणीत आयुष्य गेलेल्या बाईचे गुडघे दुखणारच. ही गोळी पोटात जखम करते, रक्तदाब चढवते, अंगात पाणी साठवते, मूत्रपिंडावर भार टाकते. रक्त पातळ करायच्या गोळीसोबत तिची जोडी पडली की रक्तस्राव ओढवतो, आणि दोष जातो दुसऱ्याच गोळीला. पाचवी चिठ्ठी बंद करून साधे पॅरासिटामॉल सुरू केले, तर पहिली, चौथी आणि होऊ घातलेली सहावी, अशा तीन चिठ्ठ्या सुधारतात. पण ती कुणी लिहिलेलीच नाही, म्हणून ती बंद करणाराही कुणी नाही.

अशी जाळी पदोपदी आहेत. जुलाबासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल वॉरफरिनचा जोर एकदम वाढवते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन उलट करते: वॉरफरिन असो वा नवी गोळी, तिला निष्प्रभ करून टाकते. पावसाळ्यात रानभाज्या, अंबाडी, मेथी-पालक भरपूर खाल्ली की त्यातले ‘के’ जीवनसत्त्व वॉरफरिनशी झगडते. यावर "पालेभाजी बंद" हा हुकूम चुकीचा आहे, दर आठवड्याला साधारण सारखी खा, हा सल्ला बरोबर. आणि यवतमाळचा मे महिना. पारा ४४-४५ अंशांवर, आजीच्या पोटात लघवीची गोळी, घोटभर पाणी पिऊन ती दिवसभर बसलेली. मूत्रपिंड सुकते. डॅबिगॅट्रानचा ऐंशी टक्के भाग लघवीवाटे बाहेर जातो, म्हणून तो अंगात साठू लागतो. अपिक्साबॅनचा पाव भागच त्या वाटेने जात असल्याने ते अशा रुग्णाला जास्त मानवते. जानेवारीत ठरवलेला डोस मे महिन्यात बरोबर असेलच असे नाही. मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी उन्हाळ्याच्या तोंडावर करायची, ही गोष्ट युरोपच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही.

ठोक्याचा वेग आवरायला वापरतात ते डिगॉक्सिनही मूत्रपिंडाच्याच वाटेने जाते. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने १७८५ मध्ये, ते ज्या वनस्पतीतून आले त्या डिजिटॅलिसवर पुस्तक लिहिले, तेव्हा मूळ नुस्खा श्रॉपशरमधल्या एका म्हातारीकडून कळल्याची कबुली दिली होती. आजीचा काढा आजीकडे परत आला म्हणायचे. २०२० मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी कायमचा ए-एफ असलेल्या १६० वृद्धांत डिगॉक्सिन आणि वेग आवरणारे दुसरे औषध बिसोप्रोलॉल यांची तुलना केली. सहा महिन्यांनी दोघांच्या प्रकृतीमानात फरक नव्हता, दुष्परिणाम डिगॉक्सिनच्या छोट्या डोसात कमी होते. डोस छोटा आणि मूत्रपिंड तपासलेले, एवढी अट.

ताल परत आणायचा की नुसता वेग आवरायचा, या वादावर तज्ज्ञांनी वीस वर्षे घालवली. २००२ च्या अमेरिकी ‘ॲफर्म’ चाचणीत ४,०६० रुग्णांत दोन्ही वाटांनी जगण्याचे प्रमाण सारखे निघाले. २०२० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांच्या ‘ईस्ट’ चाचणीने सांगितले की आजार ध्यानात आल्यावर वर्षभरात ताल परत आणण्याचे प्रयत्न केले तर फायदा होतो. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की उरते ते हे: लवकर कळले तर पर्याय जास्त. नाडी वर्षानुवर्षे कुणी पाहिलीच नाही, तर वादालाही जागा राहत नाही.

एकेका आजाराचे उत्तम उपचार एकत्र केले की उत्तम उपचार होतात, ही समजूत २००५ मध्ये अमेरिकेच्या डॉ. सिंथिया बॉइड यांनी एका काल्पनिक आजीच्याच मदतीने तपासली होती. वय ७९, पाच आजार. प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वे तंतोतंत पाळली, तर तिला बारा औषधे आणि महिन्याला ४०६ डॉलर खर्च येत होता, आणि काही सूचना एकमेकींच्या विरोधात जात होत्या. स्कॉटलंडमध्ये साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा गरीब वस्त्यांत अनेक आजार एकत्र येण्याची वेळ श्रीमंत वस्त्यांपेक्षा दहा ते पंधरा वर्षे आधी येते असे दिसले. तज्ज्ञ एकेका अवयवाचा असतो; गरिबाचे अवयव एकदम बिघडतात.

म्हणून पिशवी वाचणारा माणूस गावाजवळचाच हवा. नेदरलँड्समध्ये एक प्रयोग झाला. ए-एफच्या वृद्ध रुग्णांची नियमित तपासणी रुग्णालयातून काढून गावच्या फॅमिली डॉक्टरच्या परिचारिकेकडे दिली. तिने ए-एफसोबत बाकीच्या आजारांचीही विचारपूस करायची, अडले तर तज्ज्ञाला फोन करायचा. २०२० मध्ये निकाल आला: नेहमीच्या पद्धतीपेक्षा मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी, आणि फायदा मुख्यतः हृदयाबाहेरच्या आजारांत. याच देशात, याच वर्षी, रुग्णालयातल्या परिचारिकांच्या ए-एफ केंद्रांची चाचणी झाली, तिच्यात असा ठळक फरक दिसला नाही. परिचारिका दोन्हीकडे होत्या. पहिल्या ठिकाणी त्या रुग्णाच्या घराजवळ होत्या आणि सगळे आजार पाहत होत्या. फरकाचे कारण तेच असावे.

आपल्याकडे हे होणार नाही, असे म्हणायची घाई करू नये. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या ५० गावांत आरोग्य कार्यकर्त्यांनी मोबाइलला जोडलेल्या छोट्या ईसीजी यंत्राने तपासणी केली. ए-एफचे प्रमाण १.६ टक्के निघाले. इकडे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी स्वस्त जेनेरिक औषधांचा उपक्रम चालवून दाखवला आहे. वर्धा आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांत रक्तदाबाचे उपचार ठरीव पायऱ्यांनी, सरकारी केंद्रांतून देण्याचा प्रकल्प राबवला गेला. डॅबिगॅट्रान २०२२ पासून देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तुकडे सगळे आहेत.

एक आक्षेप ऐकला पाहिजे. शोधत गेले की ए-एफ सापडतोच, मग उगाच माणसे रुग्ण होतात. डेन्मार्कमध्ये सुमारे सहा हजार वृद्धांपैकी काहींच्या त्वचेखाली ठोके नोंदणारे यंत्र बसवले. ए-एफ तिपटीने सापडला, लकवे मात्र लक्षणीय घटले नाहीत. खरे आहे. यंत्राने वर्षभर पाळत ठेवली की काही मिनिटांचे निरुपद्रवी झटकेही पकडले जातात. मनगटावर ठेवलेल्या दोन बोटांना सापडतो तो बहुधा ठाण मांडून बसलेला ए-एफ, जो गुठळ्या करतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया होऊ शकते, आणि ही मोठी गोष्ट आहे. पण योजनेची घडण रुग्णालयात भरती होण्याभोवती आहे. झडप बदलल्यावर जन्मभर लागणारी रोजची गोळी, तिचा डोस ठरवायची तपासणी, त्यासाठी बुडणारी मजुरी आणि एसटीचे तिकीट, हा संसार भरतीच्या कागदात मावत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका माणसाने आठवड्यातला एक दिवस फक्त अशा पिशव्या उघडायला द्यावा. सगळ्या चिठ्ठ्या एका वहीत उतरवाव्या, दुकानातून आणलेली पाकिटेही. काय बंद करायचे हे ठरवायचा अधिकार त्याला असावा आणि यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाने त्याचा फोन उचलावा. एवढ्याने बोरी अरबच्या आजीचे निम्मे उपचार होतील.

सुरुवात त्याहूनही अलीकडे करता येते. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघरी जाऊन एक फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, व्यायाम, घरातल्यांचे आजार, सगळे त्यात विचारलेले असते. कमरेच्या घेरालाही रकाना आहे. नाडीला नाही.